खांबाखालचा माणूस

मी लाईनवर काम करते. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं सबस्टेशन आहे. तिथून ज्या गावांना तारा जातात त्यांचे खांब मी चढते. नवीन लागले तेव्हा मला सोबत घ्यायला कोणी तयार नव्हतं. बाई वरून पडली तर जबाबदारी कोणाची, असं तोंडावर विचारायचे. ज्यांनी घेतलं ते आमच्यातले सगळ्यात जुने लाईनमन. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. बेल्ट कसा अडकवायचा, पाय कुठे रोवायचा, बंद तारेलाही चालू समजूनच हात कसा लावायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले.

या कामात वर चढलेल्याचा जीव खालच्याच्या हाती असतो. खालचा माणूस सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतो. त्याला आम्ही परमिट घेणं म्हणतो. मग तारांना अर्थिंगचा रॉड लावायचा, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी. काम संपलं, वरचा खाली आला, की रॉड काढायचा आणि परमिट परत करायचं. फोनवर तेवढं सांगितलं की ऑपरेटर लाईन चालू करतो.

दुसऱ्या लाटेत मलाही कोरोना झाला, पण घरातच निभावलं. भाऊ मात्र चंद्रपूरला ऑक्सिजनवर होते. परत आले तेव्हा शर्टात दोन माणसं मावतील असे झाले होते. खोकला गेला, अंगात थोडं बळ आलं, ड्युटी सुरू झाली. आम्हाला वाटलं, सुटले.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. हात पुढे करून म्हणायचे, "थे दे ना, थे..." आणि पक्कड हा शब्दच सापडायचा नाही. एकदा फाट्यावर गाडी थांबवून बसून राहिले. मला वाटलं कोणाची वाट पाहत आहेत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "बाई, आपण कुठी चाललो होतो?" मी हसले. तेही हसले. गावात लोक म्हणायचे, कमजोरी आहे, अंडी खा, बदाम खा. मीही तेच म्हणायची.

तो दिवस धानकापणीचा होता. एका ट्रान्सफॉर्मरच्या डीपीकडे जाणारा जंपर, म्हणजे जोडतारेचा तुकडा, जळाला होता. भाऊंनी परमिट घेतलं, पलीकडच्या खांबापाशी रॉड लावला आणि मी चढले. उन्हं कलायला आली होती. मी जंपर बदलला आणि नटबोल्ट आवळत होते, तेवढ्यात रॉड तारेवरून निघताना दिसला. वाटलं, नीट बसला नसेल, काढून पुन्हा लावत असतील. मी हात थांबवला आणि पाहत राहिले. त्यांनी रॉडची तार गुंडाळून तो गाडीला बांधला. मग खिशातून फोन काढला.

"हाव, झालं काम," ते म्हणाले. रानात आवाज स्वच्छ येत होता. पलीकडून ऑपरेटर काय विचारत असणार ते मला पाठ होतं. भाऊ म्हणाले, "हाव, सगळे खाली आहेत. परमिट वापस घे."

माझ्या तोंडून आवाज निघेना. तार माझ्या छातीपासून हातभर लांब होती. बेल्ट सोडवून उडी मारावी असं मनात आलं आणि बोटांना बकल सापडेना. मग कुठून तरी आवाज फुटला.

"भाऊ, मी वर आहो!"

त्यांनी मान वर केली. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी दिसावं तसे ते माझ्याकडे पाहत होते. मग फोनमध्ये ओरडले, "थांब, थांब. चालू नोको करू. माणूस हाये वर."

ऑपरेटरचा हात तोवर स्विचपर्यंत गेला होता, हे नंतर कळलं.

मी कशी उतरले ते आठवत नाही. खाली आले तेव्हा भाऊ बांधावर बसले होते. मी त्यांच्यापासून लांबच बसले. मला त्यांची भीती वाटत होती.

ते म्हणाले, "मले वाटलं मी एकटाच आलो."

"भाऊ, तुमच्यासमोर चढली ना मी."

"हाव. आता आठवते. तवा नव्हतं आठवत. तू होती असंच नव्हतं माह्या डोक्यात." मग खाली पाहून म्हणाले, "सायबाले नोको सांगजो बाई. मी कामातून गेलो म्हणतीन."

मी हात पुढे करून गाडीची किल्ली मागितली. त्या दिवशी गाडी मी चालवली. ते मागे बसले होते, आणि पूर्ण रस्ताभर माझी पाठ ताठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. भाऊ आंघोळीला गेले होते. त्यांच्या बायकोला मी काल झालेलं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मी त रोजच भेऊन राह्यली. परवा आमच्याच दारासमोर गाडी लावून उभे होते. आपलं घर कोणतं, थे समजत नव्हतं. मी हात धरून आत आणलं. पाय मोडला त लोकाइले दिसते. हे कोणाले दाखवू?"

भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. आम्हा दोघींना ते दिसलेच नव्हते. आत येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "दवाखान्यात चला. पण बाई, तू पण ये. मी काय सांगायचं विसरीन."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव झाले, पुढे भाऊ अडकले. कोणत्या गावात किती लोड आहे ते तोंडावर सांगणारा माणूस बोटं मोजत बसला आणि मग माझ्याकडे पाहायला लागला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, "कोरोना होऊन गेल्यावर काही जणांना असं होतं. लक्ष लागत नाही, आठवत नाही, शब्द सापडत नाहीत. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं. तुमचं किती आणि कधी, ते मी आज सांगू शकत नाही. पण लाईनवर जायचं नाही."

"मंग मी पागल होऊन राह्यलो नाई ना?" भाऊंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. भाऊंनी तोंडावरून रुमाल फिरवला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.

साहेबांना त्यांनी स्वतःच सांगितलं. साहेबांनी त्यांना ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. मला दुसरा जोडीदार मिळाला. चांगला, जपणारा माणूस. पण वर चढले की मी दर थोड्या वेळाने काहीतरी विचारायची, पाणी आहे का, किती वाजले, नुसता त्याचा आवाज ऐकायला. तोही कंटाळला. आणि मला माझीही भीती वाटायला लागली. कोरोना मलाही झालाच होता. स्वयंपाक करताना मीठ टाकलं की नाही हे आठवेना झालं की मी गॅस बंद करायची. मग रस्त्यातल्या गावांची नावं मनातल्या मनात म्हणून पाहायची. सगळी आली की जीव भांड्यात पडायचा, तेवढ्यापुरता.

भाऊ सुधारले. शब्द परत आले, गाडी चालवायला लागले. मागच्या उन्हाळ्यात वादळाने लाईन तुटली, माणसं कमी पडली. तेव्हा साहेबांना विचारून ते माझ्यासोबत निघाले. खांबाखाली त्यांनी सगळं नीट केलं. परमिट घेतलं, रॉड लावला, दोनदा ओढून पाहिला. मग म्हणाले, "चढ बाई."

मी बेल्ट बांधला, पाय ठेवला, आणि पुढचा पाय उचलेना. मी तशीच खांबाला धरून उभी राहिले.

"भाऊ, मले नाई जमत."

त्यांनी बेल्ट माझ्याकडून घेतला, गुंडाळला, गाडीला लटकवला. मग फोन करून ऑफिसला सांगितलं, दुसरा माणूस पाठवा, आम्ही थांबतो. तो येईपर्यंत आम्ही मोहाच्या सावलीत बसलो. त्यांनी मला बाटलीतलं पाणी दिलं.

"बरोबर केलं तू," ते म्हणाले. "तुह्या जागी मी असतो त मीही नसतो चढलो."