तणशीवर ठेवलेली नाव

सिरोंच्याहून बाबांची नाव आणायची म्हटल्यावर माझ्या सासरी जो तो शहाणा झाला. चिमूरजवळच्या आमच्या गावाला मोठं तळं आहे, पण शिडाची नाव तिथे कुणी पाहिलेली नाही. दीर म्हणाले, "वहिनी, तिथीच जळणाले इकून टाका. बुढ्याले आणा, लाकडं काऊन आणता?" बुढा म्हणजे माझे बाबा. आई गेल्यापासून ते गोदावरीकाठी एकटेच राहत होते, आणि त्या साली घाटाच्या पायऱ्यांवर दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडले तर उचलायला कोण होतं? मी ठणकावून सांगितलं, नावही येईल आणि बाबाही येतील. ज्याला बघवत नसेल त्याने डोळे मिटावेत.

बाबांची अट एकच होती. "पडव शाबूत पोचली त मी तुझ्याकडे राहीन. फळी फुटली का मी परतीच्या गाडीत." पडव म्हणजे नाव. सिरोंच्याकडे निम्मं बोलणं तेलुगूतच चालतं.

टेम्पोत नाव चढवतानाच आमचं भांडण जुंपलं. बाबा म्हणाले, खाली वाळूची पोती घाल. मी म्हटलं, तणीस घालते, म्हणजे भाताचा वाळका पेंढा. धानाच्या घरात माझा संसार झाला. मडकी, आंबे, अंडी, सगळं मी धानाच्या तणशीत ठेवूनच सुखरूप पोचवलेलं. "आंबे नाई, नाव हाय थे," बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यांचीच लेक मी, ऐकणार कशी? हातभर जाड तणीस अंथरली, वर नाव ठेवली, दोन्ही टोकांना दोर बांधले. मधोमध दोर आवळायला मात्र बाबांनी ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. "पोटावर आवळलं का हाडं मोडतेत तिचे." मग केबिन सोडून ते नावेतच जाऊन बसले, जवळ पाण्याचं पिंप आणि हातात मग. लाकूड सुकलं की फळ्या सुटतात, म्हणून नाव वाटभर ओली ठेवायची. मीही हट्टाने त्यांच्यासमोर बसले.

आलापल्लीला बाजार होता. ड्रायव्हर आणि मी चहा प्यायला गेलो, बाबा हापशीवर पिंप भरायला. परत येऊन बघतो तर पाच-सहा गाई उघड्या फाळक्यातून माना घालून उभ्या. उजव्या अंगाची तणीस त्यांनी फस्त केली होती आणि नाव एका कुशीवर कलली होती. गाईंचं काय चुकलं? ओली तणीस मीच त्यांच्या तोंडासमोर वाढून ठेवली होती. बाबांनी गाई हाकलल्या.

रिकाम्या जागी बाबांची गादी कोंबली आणि निघालो. पुढच्याच खड्ड्यात नाव धाडकन आदळली. माझ्या पायाजवळ, तळाच्या फळीत, वीतभर फट पडली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. मी साडी सारखी केली आणि सरळ त्या फटीवरच बसले. त्यानंतर प्रत्येक हादऱ्याला बाबांच्या मगातलं पाणी नेमकं माझ्याच अंगावर सांडत होतं. कमरेपासून खाली पार चिंब झाले, पण हलले नाही.

जंगलाच्या नाक्यावर वनखात्याच्या माणसाने गाडी अडवली. "लाकडाचा पास?"

"लाकूड नाई, नाव हाय," मी म्हटलं.

"सागाच्या फळ्या दिसून राह्यल्या मले. उतरा बाई, मोजू द्या."

माणूस त्याचं काम करत होता, मला कळत होतं. पण उतरले असते तर फट उघडी पडली असती. "नाई उतरत. तुमाले जंगल सांभाळाचं हाय, मले बाप सांभाळाचा हाय. काय मोजाचं थे मी बसल्यावरच मोजा."

तेवढ्यात बाबा गुडघ्यांवर हात देत उठले. डोलकाठी उभी केली, दोर ओढला, आणि आईने न् मी खताची पोती उसवून शिवलेलं शीड भर रस्त्यात फुगलं. मागच्या एसटीतले लोक खिडक्यांतून वाकून बघू लागले. "साहेब," बाबा म्हणाले, "लाकडाले असं शीड असते का?" तो हसला आणि त्याने आडवा बांबू वर केला.

दिवस मावळायच्या आत पोचलो. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अख्खं गाव जमलं होतं. आठ जणांनी नाव पाण्यात सोडली, आणि फटीतून पाणी आत यायला लागलं.

"वहिनी, फुटकीच आणली ना!" दीर म्हणाले.

"हो, फुटकी आणली. माझ्याच अकलेनं फुटली. तरी आणली!" मी ओरडले. मग बाबांकडे वळले.

बाबा शांतपणे वाकून फट चाचपत होते. "आलापल्लीपासून माहीत हाय मले. फळी सुकू नये म्हणून त तुझ्या बुडाखाली पाणी टाकत होतो."

"मंग उतरले काऊन नाई? परतीची गाडी?"

"परतीले थो नाका पुन्हा लागन," बाबा म्हणाले. "तू नसशीन त त्याच्याशी भांडन कोण? जा, फट बुजवाले काथ्या न् डांबर घेऊन ये."