मास्तरांचे चिंचोके

मार्क किती, हे मास्तर कधी आधी विचारत नसत. मूल गुणपत्रिका पुढे धरून उभं असलं तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "दहावी कुठे केलीस? बारावी कुठे?" मुलं हिरमुसायची.

म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या त्यांच्या घरी मी सात वर्षं पोळ्या केल्या. त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. एका कॉलेजच्या प्रवेशखात्यात ते कारकून होते, तरी सगळे मास्तरच म्हणत. परराज्यातल्या सरकारी कॉलेजात अर्ज करायचा झाला की मुलं आईबापांना घेऊन त्यांच्या पडवीत येऊन बसत.

मास्तर डब्यातले मूठभर चिंचोके फरशीवर ओतत आणि मोठा ढीग तळहाताने पलीकडे सारत. "हे त्या राज्यातल्या मुलांचे. तिकडे बघायचं नाही." मग उरलेल्या चारांवर बोट ठेवत. "यात बाकीचा सगळा देश. यात तू." त्यानंतर गेल्या वर्षीची यादी निघायची आणि मार्कांची पाळी यायची. एकदा शेजारच्या योगवर्गातली एक परदेशी बाई हा खेळ समजून खाली बसली. मास्तरांनी तिलाही गंभीरपणे सगळं समजावलं. जाताना ती एक चिंचोका मागून घेऊन गेली.

माझ्या मेघाला बारावीनंतर महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. आम्ही चार पिढ्या म्हैसुरात, पण घरात मराठी, कुलदेवी तुळजापूरची. दीर म्हणाले, आपल्याच मुलखात आपल्याला बाहेरचं कोण म्हणणार? म्हणून अर्जात राज्य महाराष्ट्र लिहिलं आणि इथल्या कॉलेजचा अर्ज भरलाच नाही.

मला आतून धाकधूक होती, पण मास्तरांना विचारायचा धीर होईना. शेवटी अर्जाची प्रत पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पडवीत बोलावलं. माझ्या हाताला कणीक होती. त्यांनी चिंचोके ओतले, मोठा ढीग सारला. "नोडम्मा, हे बघ, भाषा तुझ्या घरातली. पण मुलीचे दाखले सगळे इथले. तिथे ती बाहेरचीच."

"म्हणजे नाहीच?" मी विचारलं.

"नाही कुठे म्हटलं? हे चार आहेत ना. पण चारांच्या भरवशावर इथलं दार लावून घेऊ नकोस. परवा शेवटची तारीख आहे."

तिकडचा अर्ज त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिला आणि मेघाला त्याच दिवशी इथला अर्ज भरायला पाठवलं.

तिकडच्या यादीत तिचं नाव आलं नाही. मेघा दोन दिवस रडली आणि मग इथल्या कॉलेजात जाऊ लागली. मला मास्तरांचा राग आला होता, जणू ती जागा त्यांनीच हाताने पलीकडे सारली होती. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. तशी मी एरवीही फारशी बोलत नसेच, पण त्यांना कळलं. जेवताना एवढंच म्हणाले, "आज पोळ्या जाड झाल्या आहेत."

तीन वर्षांनी मेघाने पुढच्या शिक्षणासाठी त्याच विद्यापीठात अर्ज केला, या वेळी बाहेरची म्हणूनच, आणि तिला जागा मिळाली. सांगायला मास्तर नव्हते. ते त्याआधीच्याच थंडीत गेले होते. त्यांची सून कपाट आवरताना चिंचोक्यांचा तो डबा टाकून द्यायला निघाली होती. मी तो मागून घेतला. त्या घरात मी स्वतःहून मागितलेली तेवढी एकच वस्तू.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली लक्ष्मी आली. तुझी मेघा महाराष्ट्रात शिकायला गेली, तशी माझी पोरगीही जाईल ना, म्हणाली. मी आत जाऊन डबा आणला आणि चिंचोके जमिनीवर ओतले.

"दहावी कुठे केली तिने?"

"इथेच, बन्नूरला."

मी मोठा ढीग पलीकडे सारला. लक्ष्मीचा चेहरा उतरला. मी उरलेल्या चारांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथला अर्ज भरलाय ना?"