गोदाबाईच्या तेलावर कोथरूड

लोणीतनं निघालो तवा धुकं इतकं दाट व्हतं की टेम्पोचं तोंडबी दिसंना. वास तेवढा येत व्हता, पुऱ्या तळल्याचा.

त्या थंडीत पेट्रोल-डिझेल यायचंच बंद झालं व्हतं. पंपांना दोर बांधले, बस बंद, दवाखान्याची गाडीबी मिळंना. आन आमच्या मालकांचं (नवऱ्याचं) रक्त मशीनवर धुवावं लागतं, डायलिसिस म्हनत्यात. एक खेप चुकली व्हती. पाय सुजून खांबासारखे झालेले, बसल्या जागी दम लागायचा. अजून एक चुकली असती तर मानूस हाताला लागत न्हवतं. मशीन कोथरूडला.

सलीमभाई आमच्या आळीतला, जुन्या टेम्पोत भाजी वाहतो. म्हनला, "मावशी, डिझेलचं इंजिन आहे. तळणीचं तेल गाळून, थोडं रॉकेल घालून चालेल. पण एवढं तेल आणणार कुठनं?"

तेल व्हतं. शेजारची गोदाबाई नुकतीच वारली, तिच्या तेराव्याच्या पुऱ्यांचं. तसलं उरलेलं तेल आमच्याकडं कुनी घरात ठेवत न्हाई, लांब नेऊन ओतत्यात. तिच्या सुनेनं मागच्या दारानं डबे दिले. "उंबऱ्याच्या आत नेऊ नका, आत्या," म्हनली. मी अंगणातच लुगड्याच्या फडक्यातनं गाळलं.

ह्यांना मागं गादीवर निजवलं, मी कडंला बसले. बाटलीभर डिझेल व्हतं, त्याच्यावर इंजिन तापवलं, मग तेलावर घेतलं.

हडपसरला धुकं विरलं. बाजाराची जागा मोकळी. मान्सं गॅलऱ्यांत उभी, नाकं वर करून वास घेत व्हती. सिग्नल लाल झाला नि सलीमभाई थांबला. म्होरं-मागं एक गाडी न्हाई.

"कुनासाठी थांबलास रं?"

"सवय, मावशी."

तवा वर बघितलं. तारंवर कावळे बसलेले, वळीनं. टेम्पो हलला की उडायचे, फुडच्या तारंवर बसायचे. एकबी ओरडंना.

ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "आपल्या मधी कोन बसलंय?"

"कुनी न्हाई."

"मग तिला म्हनावं जरा सरक. पाय लांब करता येईनात."

मी त्यांच्या अंगावर घोंगडी वढली.

स्वारगेटच्या फुडं टेम्पोनं आचके दिले नि बंद पडला. सलीमभाई खाली वाकला. "गारठ्यानं तेल गोठलं. नळीत तूप झालंय नुसतं." ह्यांचा श्वास घरघरायला लागला. कावळे खाली उतरले, टेम्पोच्या भवती, आन गप बसले.

थर्मासमधलं गरम पानी दिलं, त्यानं नळीवर वतलं. इंजिन खोकलं, बंद. परत खोकलं, बंद. मी फडक्यातली भाकरी मोडून रस्त्यावर टाकली. एकबी कावळा शिवंना.

आन मला दहावा आठवला. गोदाबाईच्या पिंडाला कावळा शिवलाच न्हवता. पोरांनी शेत कबूल केलं, नातवाचं लगीन कबूल केलं, शेवटी दर्भाचा कावळा (गवताचा करत्यात) लावून उरकलं. लेकीचं नाव कुनी घेतलं न्हाई. लेक कोथरूडला. "एकदा जाईन गं तिच्याकडं," असं गोदाबाई जन्मभर म्हनली, गेली न्हाई.

मी खाली उतरले. म्हनलं, "गोदे, कोथरूडलाच चाललोय. तुझ्या लेकीच्या दारावरनं नेते. चल की आता."

सलीमभाईनं किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं. "गरम पाण्यानं झालं," तो म्हनला.

"व्हय," म्हनलं.

कोथरूडात मफलर गुंडाळलेले एक आजोबा फिरायला निघालेले. नाकाला रुमाल लावून म्हनले, "अहो, टेम्पो चालवताय की भजी तळताय?"

"दोन्ही," सलीमभाई म्हनला. "आपण फक्त प्लेट आणा."

लेकीची सोसायटी दवाखान्याच्या वाटंवरच. थांबायला वेळ न्हवता. टेम्पो हळू करायला सांगितला नि भाकरीचा तुकडा फाटकाच्या भिंतीवर टाकला. एक कावळा उतरला. तुकडा उचलला नि आत गेला. बाकीचे तारंवरनं उठले, कुठं गेले दिसलं न्हाई.

दवाखान्यातली सिस्टर ह्यांचे पाय बघून मला रागावली. रागावू दे. मशीन सुरू झालं, दुपारपतूर ह्यांचा श्वास खाली बसला.

परतताना ऊन व्हतं, तेल पातळ झालेलं, टेम्पो कुठं अडला न्हाई. लोणीपतूर तारा मोकळ्या. आमची नड व्हती म्हनून निघालो आमी. तिचीबी व्हती, एवढंच.

ह्यांनी पाय लांब केले. "आता ऐसपैस झालं," म्हनले नि झोपले.

मी मधल्या जागंवर हात फिरवला. तिथं गादी अजून दबलेली व्हती.