पत्र आणि पत्रा

"मामा, तो पत्रा आधी बाहेर न्या!" शहाद्याच्या कचेरीतले साहेब ओरडत होते, आणि आमचे मामेसासरे लांबलचक हिरव्या पत्र्याचं एक टोक साहेबांच्या टेबलावर नि दुसरं जिन्यात टेकवून निवांत घाम पुसत होते.

"तुम्हीज तं सांगं, पत्रा आणा."

साहेबांनी सांगितलं होतं, 'पत्र आणा'. शेजारच्या शेतमालकाची हरकत नसल्याचं पत्र. त्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही.

मामांइतका हट्टी माणूस सबंध तापीकाठी जन्मला नाही; जन्मू बघत असेल तर त्याला मामांनी वाटेतूनच परत पाठवलं असेल. ब्राह्मणपुरीच्या मळ्यात केळी भरायला त्यांना शेड हवी होती, कारण तोडलेले घड गाडीची वाट बघत उन्हात काळे पडायचे. पण पत्रा कारखान्यातूनच रंगून आलेला हवा, आणि रंग असा की शेड बागेत हरवली पाहिजे. त्यासाठी मामा केळीचं पान कमरेला खोचून दुकानं पालथी घालत, आणि दुकानदाराने कौतुकाने दाखवलेला हिरवा पत्रा "हाऊ तं भेंडीना रंग शे" म्हणून परत करत. शेवटी एका पत्र्यावर पोपट बसायला गेला आणि घसरून थेट मामांच्या पायाशी आला, तेव्हा रंग पसंत पडला. पोपटाला मामांनी केळं दिलं. मी तिथेच होतो, त्यामुळे शंका घेऊ नये.

तर अडलं होतं ते पत्रावर. शेजारचे शेतमालक म्हणजे मामांचेच थोरले भाऊ, नाना. आणि बांधावरून वाजल्यापासून दोघांत बोलणं बंद. मामी म्हणतात, कान ठणठणीत आहेत यांचे. नानांच्या दारी जाण्यापेक्षा पत्रा उचलणं हलकं वाटलं, एवढंच.

साहेबांनी हाकलल्यावर मात्र मामांनी ट्रॅक्टर सरळ नानांच्या ओट्यासमोर उभा केला. पत्रा आडवा धरला आणि स्वतः त्याच्यामागे दडले. पत्र्यामागून नुसता मामांचा आवाज आला, "रंग कसा शे?"

नानांनी पत्रा न्याहाळला, मग ओट्यावरूनच समोर मामांच्या घराकडे बोट केलं.

"रंग चांगला शे. पण शेड व्हयनी का मंग आठून तुन्हं दार दखाई नही."

वारा अजिबात नव्हता, तरी पत्रा थरथरला.

पत्र मिळालं, परवानगीही मिळाली. शेड आता विहिरीपलीकडच्या खोलगट जागेत उभी आहे, बागेत इतकी बेमालूम हरवलेली की केळीचे ट्रक ती शोधत थेट लोणखेड्यापर्यंत जातात. पावसाळ्यात चाकं रुततात ती वेगळीच. दोन्ही घरांमधल्या मोकळ्या जागेत आरामात मावत होती की, तिकडे कशाला गेलात, मी मामांना विचारलं.

नानांच्या ओट्याकडे बघत मामा म्हणाले, "शेड तठे बी मावस."