नेरूळ ते बोनकोडे, व्हाया कांद्याचा टेम्पो

लोक प्रवासवर्णन लिहितात ते हिमाचलचं, केरळचं. मी लिहितोय ते नेरूळहून वाशी, कळंबोली आणि बोनकोड्याला केलेल्या प्रवासाचं. हसू नका. नव्वदच्या दशकात आम्ही सगळेच नवी मुंबईत नवे होतो. शेजारच्या सेक्टरला जायचं तरी रस्ता विचारावा लागायचा, आणि ज्याला विचारावा तोही गेल्याच महिन्यात राहायला आलेला असायचा.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर लोपीस मिस राहायच्या. मूळच्या वसईच्या, शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात त्या आम्हा सतरा जणांना गायला बसवायच्या. एका दिवाळीनंतर त्यांनी जाहीर केलं, "या सीझनला चार कार्यक्रम. जिथे जाऊ तिथल्या लोकांच्या भाषेतलं एक तरी गाणं म्हणायचं. आणि ते त्या भाषेच्याच माणसाकडून शिकायचं. कॅसेट ऐकून नाही!"

गाणारी खरी माझी बायको, वैशाली. पुरुष कमी पडत होते म्हणून तिने मलाही नेलं. मिसनी माझा आवाज ऐकला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मिस्टर सावंत, तुम्ही उंच आहात. मागे उभे राहा." घरी आल्यावर वैशालीने त्याचा अर्थ सांगितला, "अहो, तुम्ही नुसते ओठ हलवा."

आमच्यातला एकमेव दणदणीत आवाज कुलकर्णीकाकांचा. काका वाईचे. सरकारी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होते, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढायच्या. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. सोसायटीच्या नोटिशीवर ते लाल पेनने खुणा करायचे. मी एकदा "मला टेन्शन आलं" म्हणालो, तर म्हणाले, "सावंत, तुम्हाला ताण आला. टेन्शन तारेला येतं."

पहिला मुक्काम वाशीचं मल्याळी चर्च, डिसेंबर. आमच्यातल्या एकाचा एपीएमसी मार्केटात कांद्याचा धंदा होता, त्याने टेम्पो फुकट दिला, डिझेल आमचं. सतरंजी अंथरून, रेशमी साड्या सावरून बायका बसल्या. पण आदल्या दिवसापर्यंत त्यात कांदाच होता. पाम बीच रोड तेव्हा नव्हता, त्यामुळे तुर्भ्यावरून खड्डे चुकवत जाईपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. चर्चच्या दारातल्या माणसाला वाटलं, कोणी गेलंय की काय. सोसायटीतल्या नायरवहिनींनी महिनाभर घोटून घेतलेलं मल्याळी नाताळगीत आम्ही जीव तोडून म्हटलं. टाळ्या भरपूर पडल्या. मग एक आजोबा प्रेमाने माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बहुत अच्छा गाया. ये कौनसी लैंग्वेज था?"

नायरवहिनी आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

जानेवारीत कळंबोलीला पंजाबी ट्रकवाल्यांची लोहरी. बेलापूर ओलांडून हायवेने गेलात की अर्धा तास. तिथे आमचं पहिलंच कडवं चालू असताना ढोलवाल्याला राहवलं नाही आणि कार्यक्रम त्याच्या ताब्यात गेला. मिसचा हात हवेत आणि मिस रिंगणात, असं दृश्य मी पाहिलं आहे. मक्याची रोटी आणि सरसोंचा साग मात्र असा की वैशालीने आमच्या छोट्या गॅलरीत कुंडीत मोहरी पेरली. उगवली नाही.

तिसरा मुक्काम बोनकोडे. कोपरखैरण्याच्या नव्या सेक्टरांच्या मधोमध हे जुनं आगरी गाव तेव्हा अजून कौलारू होतं. तिथल्या हिराबाई आमच्या नेरूळच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायच्या. साठीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वैशालीने गळ घातली तेव्हा जवळ्याच्या टोपल्यांमागे बसून त्यांनी आम्हाला भातलावणीचं गाणं शिकवलं.

"पानी आयलं गो बांधाला, कोन जाईल गो लावनीला..."

काकांनी नाकाला रुमाल लावून ते उतरवून घेतलं. रात्रीतून सुवाच्य अक्षरात प्रत केली आणि झेरॉक्स काढून सतरा जणांना वाटली. उतरवताना सवयीने सुधारलीही. पाणी, कोण, लावणी. आम्ही ती पाठ केली. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही.

गावदेवीच्या देवळासमोर कार्यक्रम. पुढे सतरंजीवर बायका, त्यांच्या मधोमध हिराबाई, नवं लुगडं नेसून. "माजं गानं म्हनतान ही लोकं," असं त्या शेजारणीला सांगत होत्या ते मला मागून, उंचावरून, ऐकू आलं. मिसनी खूण केली आणि काकांनी पहिली ओळ उचलली. "पाणी..."

एक बाई फिसकन हसली. "कोण" आलं तेव्हा चार हसल्या. "लावणीला" म्हटल्यावर अख्खी सतरंजी हसत सुटली. कोणीतरी मागून ओरडलं, "हिरे, तुजं गानं शालंन जाऊन आयलं क गं!"

हिराबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि आमचं गाणं चालू असतानाच घरी निघून गेल्या.

नंतर जेवायला तांदळाची भाकरी होती, वालाची भाजी होती, जवळ्याची चटणी होती. पण सगळ्यांनी खाली मान घालून जेवण उरकलं. परतीच्या टेम्पोत मिस हळूच म्हणाल्या, "काका, ते गाणं त्यांचं होतं."

"अशुद्ध ते अशुद्ध," काका म्हणाले आणि नेरूळ येईपर्यंत बाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मिसच्या दाराखाली त्यांचा राजीनामा आला. अर्थात एकही चूक नसलेला.

हिराबाईही बाजारात दिसेनाशा झाल्या. मोठा आवाज गेला होता, गाणं गेलं होतं, आणि शेवटचा कार्यक्रम मार्चअखेर आमच्याच नेरूळमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये होता. काकांना समजवायला मला पाठवलं. गाण्यात माझा उपयोग नव्हता, म्हणून. दार काकूंनी उघडलं.

"ते घरात कुठे असतात? रोज दुपारी लायब्ररीत जातात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सावंत, लायब्ररीतून आलेल्या माणसाच्या सदऱ्याला मासळीचा वास येतो का हो?"

मला पत्ता कळला. नेरूळहून वाशीची बस, तिथे बदलून कोपरखैरणे, उतरल्यावर दहा मिनिटं चालत. हिराबाईंच्या ओटीवर त्या सुपात जवळा निवडत होत्या आणि शेजारी काका मांडीवर वही घेऊन बसले होते. रुमाल नाकाला नव्हता, खिशात होता.

मला बघून ते दचकले. "पहिले आठ दिवस यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही," ते म्हणाले. "बरोबरच आहे. तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या मी, सावंत. आणि स्वतःची झेरॉक्स काढून वाटली."

"आठ नाय, नव," हिराबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "मी मोजलं. दाव्या दिशी बोलली, तुला गानं शिकाचं तं आदी शेत बघ."

त्या उठल्या आणि आम्हाला घेऊन निघाल्या. गाव संपलं, डांबरी रस्ता लागला. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीपाशी त्या थांबल्या. वर परांचीवर मजूर, खाली वाळूचे ढीग.

"यो आमचा शेत व्हता," त्या म्हणाल्या. "त्या जिन्याकरं बांध. हितं आमी बाया रांगेन उभ्या ऱ्हायचो, पानी पोटरीला. माजी आय गानं सांगाची, आमी मागशी बोलाचो. आता शेत नाय, आय नाय. गानं हाय. त्याला बी तुमी तुमच्यावानी केलं तं माजं काय ऱ्हायलं, भाऊ?"

काका चष्मा काढून पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ताई, बांध इथून कुठपर्यंत जायचा?" हिराबाई पुढे चालू लागल्या आणि काका त्यांच्या मागोमाग, वाळूच्या ढिगांमधून, बांध असल्यासारखे पाय जपून टाकत.

मार्चअखेरचा कार्यक्रम झाला. बोनकोड्याहून हिराबाई आणि आणखी आठ बायका आल्या, त्यांना आणायला कांद्याचाच टेम्पो, त्यामुळे त्याही डोळे पुसत उतरल्या. काका माइकसमोर उभे राहिले. पानी बरोबर आलं. कोनसुद्धा आलं. आणि मग पासष्ट वर्षांची जीभ वळायची तशीच वळली. "लावणीला."

काका थांबले आणि माइकमध्ये म्हणाले, "चुकलं. पुन्हा घेतो."

त्यांनी ओळ पुन्हा उचलली, पण या वेळी तिसऱ्या रांगेतून हिराबाईंचा आवाज त्यांच्याबरोबर उठला. मागोमाग त्या आठही जणींचा. मिसनी हात खाली घेतले. आम्ही सोळा जण गप्प उभे होतो, मी तर ओठसुद्धा हलवले नाहीत. गाणं संपलं तेव्हा वैशालीने माझा हात धरला होता, आणि त्या दिवशी टेम्पोत बसलो नसूनही आमचे डोळे भरले होते.

त्यानंतर असा सीझन झाला नाही. मिस बहिणीकडे वसईला गेल्या, कांदेवाल्याने टेम्पो विकला, नायरवहिनींनी आम्हाला माफ केलं. तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर आता सोपा आहे, रस्ते झाले, गाड्या झाल्या. टेम्पोची सोय मात्र तुमची तुम्ही बघा. आणि कोणी ओटीवर बसवून गाणं शिकवलं, तर लिहून घेण्याची घाई करू नका. माझ्याकडे त्या सीझनमधली नायरवहिनींचा आठवडाभराचा अबोला आहे, ढोलाच्या रिंगणातल्या मिस आहेत, आणि काकांचा तो "पुन्हा घेतो" आहे. एवढं पुरतं.

काका पुढे वर्षभर बोनकोड्याला जात होते. गुडघे थकले तेव्हा हिराबाईच महिन्यातून एकदा बस बदलून नेरूळला यायला लागल्या. आमच्यासाठी पिशवीत जवळा असायचा. आधी आमच्याकडे ठेवून जा म्हटलं तरी त्या पिशवी घेऊनच काकांकडे वर जायच्या. काकू दार उघडायच्या, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, आणि मग तिघांचा चहा टाकायच्या.