दुपारी नेली असंल

आमच्या शाळेच्या बसचे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. गाडी थांबल्याबिगर चढायचं न्हाई. खिडकीतून हात काढायचा न्हाई. गाडी हलली की मागं पळायचं न्हाई, मग ती कुणाच्या बापाची का असंना. डायवर काका दर सोमवारी हे ऐकवायचे आणि शेवटच्या वाक्याला पोरी फिदीफिदी हसायच्या. मला हसू यायचं नाही. ती बस होती म्हणून मी शाळेत होते.

मी आठवीत होते. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि मलाही न्यायचे. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष फड, असंच चाललं होतं. त्या वर्षी मात्र आई हट्टाला पेटली. "ही न्हाई यायची. हिला मावशीपशी ठिवू. लई झालं, आता हिची शाळा बुडवायची न्हाई." चार दिवस घरात नुसती धुसफूस. शेवटी अण्णा कबूल झाले, पण एका अटीवर. बसनं पोरगी रोज दिवस मावळायच्या आत घरी आणली पाहिजे. मावशी गुडघ्यांनी अधू, ती कुठं माझ्यामागं फिरणार? बसनं सांभाळलं तर मी गावात, नाहीतर फडात.

बसमधल्या पोरी मोजायचं काम दहावीतल्या एका ताईकडं होतं. दारात उभी राहून ती प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारायची आणि मग काकांना "चला" म्हणायची. काम चोख होतं तिचं, खोटं कशाला बोलू? पण दिवाळीनंतर आमच्याकडं त्या मोजणीला काही अर्थ राहत नाही. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी कधी दारात येईल ते त्यालाच ठाऊक. आली की आईबाप भर वर्गातून पोरीला उठवून नेतात, दप्तरासकट. सकाळी आलेली पोरगी संध्याकाळी नसली तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. ताई एवढंच म्हणायची, "दुपारी नेली असंल."

एका संध्याकाळी ती माझ्याबद्दलही हेच म्हणाली. आणि मी कुठं होते? संडासात! मुलींच्या संडासाला दिवसभर कुलूप, चावी शिपायाच्या खिशात आणि शिपाई गावभर. शाळा सुटल्यावर त्यानं एकदाचं कुलूप काढलं. मी बाहेर आले तर बस फाटकातून वळत होती. धावले असते तर गाठली असती. पण पाय आपोआप थांबले, इतका तो नियम अंगात मुरला होता. मी हात वर करून उभी राहिले, शहाण्या मुलीसारखी, आणि बस गेली. जळो ते शहाणपण!

आमचा मुकादम अजून आला नव्हता, म्हणून आई गावातच होती आणि तिकडं थांब्यावर माझी वाट बघत उभी होती. पोरी उतरल्या, मी नाही. तिनं विचारलं तर पोरींनाच नवल वाटलं. "काकू, तिला तर तुमीच नेलं ना दुपारी?" आईनं तर नेलं नव्हतं; मग कुणी नेलं, एवढंच तिच्या डोक्यात आलं, असं ती सांगते. मी शाळेसमोरच्या फाट्यावरच्या टपरीतून फोन मागून अण्णांना लावेपर्यंत ती रस्त्यावर येईल त्या गाडीला हात करत रडत होती.

अण्णा कुणाची तरी मोटरसायकल घेऊन आले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी बसवायचे तसं गाडीवर पुढ्यात बसवलं. माझं आता काही खरं नाही, हे मला तिथंच कळलं.

घरी गेल्यावर मी तोंड सोडलं. "माजी काय चूक हाय? त्यांनी बघितलं न्हाई, अन् शिक्षा मला कावून?"

"तुजी चूक न्हाई, बाई," अण्णा म्हणाले. "तुजी असती तर तुला दटावलं असतं अन् हितंच ठिवलं असतं."

मी आईकडं बघितलं. चार दिवस माझ्यासाठी भांडलेली ती बाई माझे कपडे गाठोड्यात बांधत होती. मला तिचा इतका राग आला की रात्री मी जेवलेच नाही.

शाळेनं म्हणे लगेच नवा नियम केला. पोरीला मधूनच न्यायचं असेल तर आईबापानं आधी ताईला सांगायचं. चांगला नियम होता. माझ्या काही उपयोगाचा नव्हता.

दोन दिवसांनी मुकादमाचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, सरपण, एक शेळी आणि सगळ्यांत वर आम्ही. फाट्यावर डिझेल भरायला तो थांबला. तिथून शाळेचं फाटक समोरच दिसत होतं. बस नुकतीच आली होती आणि पोरी एकेक करून उतरत होत्या. मी उठून उभी राहिले. तेव्हाच उतरले असते तर प्रार्थनेला पोचले असते.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बैस खाली," ती म्हणाली, "पडशील."

थांबलेली ट्रॉली अजून हललीही नव्हती.