खाडीच्या घाटावर ताईने लावलेला फळा

ताई गेली. आणि कृपा करून ती शांत स्वभावाची होती असं कुणी लिहू नका.

सकाळपासून तेच मेसेज येतायत. शांत, सोज्वळ, मनमिळाऊ.
मला घरात बसवत नाहीये. म्हणून लिहितेय.

माझी मोठी बहीण वसुधा एकोणीसशे पन्नासच्या दशकात कल्याणची खाडी तोंडपाठ करून बसली होती. बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. स्वतःला पोहता येत नव्हतं.

आणि तरी रोज घाटावर एक फळा लावायची.
"उद्या सकाळी पोहू नका. दुपारी पाणी बरं असेल."

लोक हसायचे. कारण आमच्याकडे सगळे भरतीलाच पोहायचे. तिथीवरून भरतीची वेळ काढायची, घाट भरला की उड्या मारायच्या. ओहोटीला पायाला चिखल लागतो ना!

पण गावाचं गटार खाडीला मिळायचं ते घाटाच्या खालच्या अंगाला. भरती चढली की ती सगळी घाण उलटी फिरून घाटावर यायची. पाणी उतरायला लागलं आणि वरून नदीचं पाणी आलं, की मग कुठे घाट जरा स्वच्छ व्हायचा.

म्हणजे गाव नेमकं चुकीच्या वेळी आंघोळ करत होतं. मोठ्या हौसेने.

दर सव्वीस जानेवारीला घाटावर पोहण्याची शर्यत असायची. एका वर्षी कप जिंकला शेजारच्या रघूने. महिन्याभरात विषमज्वराने गेला.
पुढच्या वर्षी सगळ्यांचा डोळा आमच्या मधूवर. धाकटा भाऊ. माशासारखा पोहायचा.

शर्यत पुन्हा सकाळी, ऐन भरतीत.

ताई शर्यतीच्या कमिटीतल्या अण्णांकडे गेली. मी सोबत होते.

"अण्णा, शर्यत दुपारी घ्या."
"अगं, पाहुणे सकाळी येणार. खाडीला सांग त्यांची वेळ!"
सगळे खो खो हसले.
"बी.एस्सी. झालीस म्हणून आम्हाला भरती शिकवणार? आम्हाला तिथी कळते."
"तिथीवरून भरती कधी येते ते कळतं, अण्णा. भरतीतून काय येतं ते नाही कळत."

दुसऱ्या दिवशी घाटावरचा फळा कुणीतरी पुसला होता.

शर्यतीच्या सकाळी घरात भांडण.
"ताई, कप घरात येईल गं!"
"मागच्या वर्षी रघूच्या घरात आला. रघू कुठाय?"
मधूने टॉवेल खांद्यावर टाकला.
"रघू या पाण्यानेच गेला हे मला सिद्ध करता येत नाही," ती म्हणाली. "पण ते सिद्ध करायला मी तुला पाण्यात सोडणार नाही."
तरी मधू शर्यतीला निघालाच. आवाज चढवून म्हणाला, "सगळे काय वेडे आहेत?"

ताई घाटावर आलीच नाही. ती गेली गटाराच्या तोंडाशी. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, आम्ही आदल्या दिवशी लाल तेलरंगाने रंगवली होती. टोपलीभर. ती तिने तिथे पाण्यात सोडली.

घाटावर पाहुण्यांचं भाषण लांबलं. देशाचं आरोग्य वगैरे.
आणि एकेक लाल सोडण पायऱ्यांना येऊन लागलं. पोरांच्या पोटऱ्यांना लागलं.
"अरे, हे बघ, ह्यांची शर्यत आधीच लागली!" कुणीतरी ओरडलं.

सोडणं रंगवताना मधू घरातच होता; ती कुठून आली ते त्याला लगेच कळलं. त्याने एक उचललं. वास घेतला. खाली टाकलं आणि वर येऊन सदरा घातला.

"घाबरलास काय रे?" अण्णा भर गर्दीत.
"हो, अण्णा."

तो 'हो' म्हणायला जी छाती लागते ती त्या दिवशी उड्या मारणाऱ्या एकातही नव्हती. हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन.

बाकीचे पोहले. कप दुसऱ्याच्या घरी गेला. फाल्गुनात गावात दोन घरी विषमज्वर झाला. शर्यतीमुळे? मी म्हटलं असतं हो. ताईने मला म्हणू दिलं नाही. "माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणायचं."

शर्यतीच्या त्याच दिवशी दुपारी पाणी उतरताना मधू एकटा पोहला. ना बँड, ना पाहुणे. पायरीवर फक्त आम्ही दोघी.

पुढल्या वर्षी अण्णांनी निरोप पाठवला, "वसुधाला विचारा, पाणी कधी बरं?"
माफी वगैरे नाही. शर्यत मात्र दुपारी.

आज आपल्या फोनवर उद्याचा पाऊस कळतो. उद्या कुठल्या पाण्यात पोर उतरवायचं नाही, हे किती किनाऱ्यांवर कुणी लिहून ठेवतं? त्या बाईने खडूने लिहिलं होतं हो!

आज सकाळी मधूने ताईला खांदा दिला. पंच्याऐंशी उलटली आहे त्याची. सगळे म्हणत होते, काका, राहू द्या, झेपणार नाही.
त्याने कुणाचं ऐकलं नाही. फाटकापर्यंत नेलं तिला.

जा ताई. भांडायला आता तू उरली नाहीस, हे मला अजिबात मान्य नाही.